माळ्यावरचा संगणक

आमच्या घरी अधूनमधून रात्री जेवणानंतर एक आवाज होतो. आधी खालचा सूर, लगेच वरचा. "झालं ह्यांचं सुरू!" असे आमची सौ. स्वयंपाकघरातूनच म्हणते. तो आवाज असतो बीबीसी मायक्रोचा. बटण दाबल्यावर एका क्षणात हा संगणक तयार होतो आणि लुकलुकत हुकमाची वाट पाहतो.

केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने तो १९८१ साली इंग्लंडमध्ये बाजारात आणला. आपल्याकडे केंद्र सरकारने १९८४ मध्ये 'क्लास' नावाच्या योजनेतून निवडक शाळांना हे संगणक दिले. माझे वडील, म्हणजे अण्णा, बेळगावात ज्या शाळेत गणित शिकवत तिथेही ते आले. पंचेचाळिशी ओलांडलेल्या अण्णांनी बेसिक भाषा शिकून घेतली, आणि पुढे शाळेने यंत्रे निकालात काढली तेव्हा त्यांतले एक घरी आणले.

मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. १९९२ सालच्या सुट्टीत घरी आलो आणि मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "अण्णा, हे आता भंगार झालंय. कशाला जागा अडवता?" ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी संगणक जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर गेला. २०११ साली अण्णा गेले. त्या वाक्याबद्दल मी त्यांच्याशी कधीच बोललो नाही.

२०२० च्या टाळेबंदीत माळा आवरायला घेतला तेव्हा ते गाठोडे हाती लागले. आत संगणक, एक कॅसेट आणि आलेखाची वही. हौसेने वीज जोडली, तर दहा मिनिटांत पांढरा धूर! "अहो, घर जाळताय की काय?" सौ. धावत आली. दोष कुणाचाच नव्हता, वयाचा होता. विजेच्या फिल्टरमधल्या कपॅसिटरचे आवरण इतक्या वर्षांत तडकले होते, त्यात आपल्या पावसाळ्याचा दमटपणा शिरला होता. बाजार उघडल्यावर रेडिओ दुरुस्तीवाल्याने नवा कपॅसिटर बसवून दिला. तो 'बी-बीप' पुन्हा ऐकला तेव्हा अंगावर काटा आला.

कॅसेटला मात्र बुरशी लागली होती. उरली वही. तिच्यात पावकी-निमकी-दीडकी शिकवणारा कार्यक्रम अण्णांनी हाताने लिहून ठेवला होता. पडद्यावर आकडा यायचा, मुलाने त्याची दीडपट सांगायची. या संगणकात मराठी आकडे नाहीत, म्हणून अण्णांनी ते स्वतः घडवले होते. आठ गुणिले आठ घरांचा चौकोन. डावीकडून प्रत्येक घराची किंमत १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. ओळीत मधली चार घरे भरली तर ३२, १६, ८ आणि ४ मिळून ६०. अशा आठ ओळींच्या आठ संख्या दिल्या की एक आकडा उमटतो.

मी सगळे टंकले. एक ते आठ सुरेख उमटले, पण नऊचा पाय मोडलेला! दोन रात्री शोधत बसलो. शेवटी भिंगातून पाहिले. शाई पसरल्याने अण्णांचे १६ मी १० वाचले होते. एक घर भरायचे सोडून भलतीच दोन भरली होती. चूक अण्णांची नव्हती, माझी होती. ती दुरुस्त केली आणि नऊ ताठ उभा राहिला.

लोक विचारतात, हातात एवढा मोबाइल असताना हे कशाला? आठवणींचा भाग आहेच. पण खरे कारण वेगळे आहे. या संगणकाची स्मृती अवघी ३२ केबी, आणि पडद्यावरचे चित्रही त्यातच मावायचे. मोबाइलवरचा ३ एमबीचा एक फोटो याच्या जवळपास शंभरपट. महिनाअखेरच्या किराण्यासारखे पुरवून पुरवून वापरावे लागते. १९८४ च्या 'एलिट' या खेळात आठ आकाशगंगा होत्या, प्रत्येकीत २५६ ग्रह. त्यांची यादी साठवायला जागाच नव्हती, म्हणून डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांनी प्रत्येक ग्रह दर वेळी गणिताने नव्याने काढला. मायक्रो घडवणाऱ्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनीच पुढे 'आर्म' प्रोसेसर रचला. त्याचे वंशज आज आपल्या मोबाइलमध्ये आहेत.

असे यंत्र एका माणसाच्या डोक्यात पूर्ण मावते. चुकले तर कुठे चुकले ते सापडते, फक्त बसायची तयारी हवी. म्हणून जगभर हौशी मंडळी जुन्या संगणकांवर अजून नवे कार्यक्रम लिहितात.

माझी मुलगी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दिवाळीला आली तेव्हा हसत म्हणाली, "बाबा, मोबाइलवर पाढे फुकट मिळतात." मी वही तिच्या हातात दिली. बराच वेळ पाने उलटल्यावर म्हणाली, "आमच्या ऑफिसात सगळा प्रोग्राम पहिल्यापासून शेवटपर्यंत कळणारा एकही माणूस नाही." मग पेन्सिल घेऊन तिने आठ घरांत 'क्ष' बसवायचा प्रयत्न केला. खोडून खोडून कागद फाटायला आला.

"आजोबांनी आकडेच का घेतले ते आत्ता कळलं," ती म्हणाली.

मला ते कळायला अठ्ठावीस वर्षे लागली होती.