सासूबाईंचा पेपर आणि रंगीत ई-रीडर

‘घरात एवढे फोन, वर लॅपटॉप, मग आणखी एक पडदा कशाला?’ हा प्रश्न तुमच्याही घरी कधी ना कधी निघाला असेल. आमच्याकडे तो निघाला तेव्हा मी त्याला सरळ उत्तर दिलं नाही. आधी वही-पेन्सिल घेऊन बसले. एखादी वस्तू घरात आणायची तर ती कोणासाठी, कशासाठी आणि किती पैशांत, हे तिन्ही कागदावर आलं की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

कोणासाठी? आमच्या सासूबाईंसाठी. वय वर्षे ७६. तीन वर्षांपूर्वी त्या पुण्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला राहायला आल्या. इथे ओक ट्री रोडवर मेथीच्या जुडीपासून भाजणीपर्यंत सगळं मिळतं, पण सकाळी दारात पडणारा मराठी पेपर काही मिळत नाही. तो वाचायचा म्हणजे इंटरनेटवर. मुलाच्या टॅब्लेटवर त्या रोज तासभर वाचायच्या. मग दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आणि तो चकचकीत पडदा त्यांना सोसेना. डोळ्यांना पाणी यायचं, वर खिडकीचं प्रतिबिंब त्यात पडायचं. डॉक्टरांनी तपासून ‘डोळे उत्तम आहेत’ म्हणून सांगितलं. पण आईंनी वाचणं सोडलं ते सोडलंच. आणि वाचणं सोडल्यावर बोलणंही कमी झालं. अहो, जेवताना ‘आज पुण्यात काय झालं माहीत आहे का’ म्हणून सुरुवात करणारं माणूस मुकाट्याने पोळी मोडू लागलं, की सुनेला ते दिसतंच ना!

कशासाठी? पेपर वाचायला, बातमीतली चित्रं पाहायला, अधूनमधून पाककृती शोधायला. सिनेमा नको, खेळ नकोत.

किती पैशांत? इथे मात्र हात आखडता घ्यावा लागला. ह्यांची नोकरी मध्यंतरी सुटली होती. दुसरी लागली, पण पगार आधीपेक्षा कमी. मी घरखर्चातून बाजूला टाकलेले २०० डॉलर होते. त्यापलीकडे जायचं नाही, असं मनाशी पक्कं केलं.

नाव एक, वस्तू दोन

आता बाजारात काय आहे ते पाहू. ‘रंगीत ई-रीडर’ या एकाच नावाखाली आजवर दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या गेल्या आहेत.

२०१० साली इथल्या बार्न्स अँड नोबल या पुस्तकांच्या दुकानाने ‘नूक कलर’ नावाचा सात इंची ई-रीडर काढला. किंमत २४९ डॉलर. त्याच वर्षी आलेला आयपॅड ४९९ डॉलरपासून पुढे. साहजिकच पुष्कळ लोकांनी नूक हा ‘गरिबाचा टॅब्लेट’ म्हणून घेतला आणि त्यावर इंटरनेट पाहिलं. पण त्याचा पडदा टॅब्लेटसारखाच होता, म्हणजे मागून उजेड टाकणारा. असे जुने नूक अजून कुठे कुठे गॅरेज सेलमध्ये पाच-दहा डॉलरला दिसतात. स्वस्त म्हणून उचलू नका बरं का. त्यांच्यातली प्रणाली इतकी जुनी आहे की आजच्या बऱ्याचशा वेबसाइट त्यावर धड उघडतच नाहीत.

आजचा रंगीत ई-रीडर म्हणजे ई-शाईचा, इंग्रजीत ज्याला ई-इंक म्हणतात तो. त्याच्या पडद्यात अगदी बारीक कुप्या असतात आणि त्यांत काळे-पांढरे कण. विजेच्या इशाऱ्याने काळे वर आले की तिथे अक्षर उमटतं, पांढरे वर आले की कोरा कागद. एकदा उमटलेलं पान तसंच ठेवायला वीज लागत नाही. उजेड मागून डोळ्यांत येत नाही. कडेला बसवलेले दिवे तो पानावर पसरतात, आपण पुस्तकावर दिव्याचा झोत टाकतो तसा. उन्हात बसलात तर दिवा लागतही नाही.

रंग येतो तो याच काळ्या-पांढऱ्या पडद्यावर बसवलेल्या रंगीत गाळणीतून. ‘कॅलिडो ३’ ही या पडद्याची २०२२ साली आलेली जात आज पुष्कळशा रंगीत ई-रीडरांत असते. तिच्यात काळी अक्षरं इंचाला ३०० ठिपक्यांची, म्हणजे छापल्यासारखी सुबक दिसतात. रंगीत भाग मात्र १५० ठिपक्यांचा. रंग ४०९६, आणि तेही फिके. पैठणीचा खरा रंग त्यात दिसणार नाही. रविवारच्या पुरवणीच्या कागदावर दिसतो तसा दिसेल. शिवाय गाळणीमुळे पान जरा करडं दिसतं, म्हणून घरात पुढचा दिवा थोडा लावावाच लागतो. दुकानात पाहताना ‘हा असा मळका का?’ असं वाटलं तर दचकू नका. तो दोष नव्हे, स्वभाव आहे.

माझ्या वहीतला हिशेब

चार रकाने आखले. तुम्हीही आखा.

पहिला रकाना मोठ्या टॅब्लेटचा. २०२५ मध्ये आलेला साधा आयपॅड ३४९ डॉलरपासून. वजन एका पौंडाच्या जरा वर, जवळजवळ अर्धा किलो. साखरेची अर्ध्या किलोची पिशवी एका हातात तासभर धरून पाहा, म्हणजे म्हाताऱ्या मनगटांचं काय होत असेल ते कळेल. बजेटमध्येही नाही. रकाना बाद.

दुसरा स्वस्त टॅब्लेटचा. आठ इंची फायर टॅब्लेट २०२४ मध्ये १०० डॉलरला आला. इंटरनेट भराभर चालतं, व्हिडिओ दिसतो. ज्यांना पडद्याचा काही त्रास नाही, त्यांनी हाच घ्यावा, असं मी स्पष्ट सांगेन. उगाच ई-शाईच्या नादी लागू नये. पण आमचं दुखणंच चकाकीचं, तिथे हा काय कामाचा?

तिसरा पुस्तकांसाठीच केलेल्या ई-रीडरांचा. सहा इंची ‘कोबो क्लारा कलर’ २०२४ मध्ये १५० डॉलरला आला. वजन १७४ ग्रॅम. त्याचाच सात इंची भाऊ ‘लिब्रा कलर’ तेव्हा २२० डॉलरला आला, पानं उलटायची बटणं असलेला. दोन्ही पाण्याला भीत नाहीत. ओल्या हातांनी स्वयंपाकघरात घेतले तरी चालतात. अॅमेझॉनचा ‘किंडल कलरसॉफ्ट’ त्याच वर्षी २८० डॉलरला आला, पुढे त्याचा २५० डॉलरचा साधा प्रकारही निघाला. यांच्यात इंटरनेट पाहण्याची सोय आहे, पण ती चूल पेटवायला काडी असते तेवढीच. एखादं पान उघडता येतं, रोजचा पेपर चाळायला ती पुरत नाही. मात्र एक छान सोय आहे. फोनवर आवडलेला लेख ‘इन्स्टापेपर’ नावाच्या सेवेत ठेवला की तो कोबोवर आपसूक येतो, जाहिरातींशिवाय, पुस्तकासारखा. (पूर्वी हेच काम ‘पॉकेट’ करायचं, ते २०२५ च्या जुलैत बंद झालं.) ज्यांना दिवसाकाठी निवडक चार-पाच लेखच वाचायचे आहेत आणि मुख्य भर पुस्तकांवर आहे, त्यांनी या रकान्यापुढे जाऊच नये. इथल्या वाचनालयाची इंग्रजी पुस्तकंही कोबोवर थेट आणि फुकट मिळतात.

चौथा रकाना अँड्रॉइडवर चालणाऱ्या ई-रीडरांचा. म्हणजे पडदा ई-शाईचा आणि पोटात फोनसारखी प्रणाली. फोनवर घेतो तो ब्राउझर यावर घेता येतो. ‘बूक्स गो कलर ७’ हा यातला माहितीचा. २०२४ मध्ये २५० डॉलरला आला, सात इंच, २०० ग्रॅमच्या आत. इंटरनेट हेच मुख्य काम असेल तर हा रकाना खरा. पण किंमत माझ्या पैशांच्या वर.

तेव्हा मी काय केलं? वाट पाहिली. परत आलेल्या वस्तू तपासून पुन्हा विकतात, त्या यादीवर दोन महिने नजर ठेवली. शेवटी १८५ डॉलरला, वर्षाच्या हमीसह आणि महिनाभरात परत करण्याच्या अटीसह, चौथ्या रकान्यातला एक मिळाला. हे म्हणाले, “दोन महिने थांबलीस?” म्हटलं, “साडी घेताना दुकानं चार फिरते, हे तर यंत्र आहे.”

मराठीची परीक्षा

आपण मराठी वाचणाऱ्यांनी एक परीक्षा घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत. पुष्कळ यंत्रं इंग्रजी झोकात दाखवतात आणि देवनागरी आली की अडखळतात. वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षर फुटून पाय मोडके दिसतात, नाहीतर नुसते चौकोन येतात. म्हणून एखादी मराठी बातमी उघडून पाहा आणि त्यात ‘ज्ञान’, ‘स्त्री’, ‘कृष्ण’, ‘दुसऱ्या’, ‘आर्द्रता’ असे शब्द नीट जुळून येतात का ते तपासा. दुकानात इंटरनेट नसेल तर घरी आणल्यावर पहिल्या दिवशीच हे करा, परत करण्याची मुदत सरण्याआधी.

आमच्याकडे ही परीक्षा आईंनीच घेतली. चष्मा लावला, यंत्र खिडकीशी नेलं, अर्धा मिनिट पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं, हा तर कागद आहे!” मग पुढची चाळीस मिनिटं कुणाशी बोलल्या नाहीत. त्या दिवशी जेवताना मात्र महानगरपालिकेवर असं काही बोलल्या की नातू घास तोंडात ठेवून बघतच राहिला.

घरी आणल्यावर

यंत्र आणलं आणि हाती दिलं, असं करू नका. थोडी मांडामांड लागते.

एक, पान बोटाने वरखाली सरकवायची सवय सोडावी. ई-शाईचा पडदा हळू बदलतो. सरकवलं की अक्षरं विरघळल्यासारखी होतात आणि आधीच्या पानाची पुसट छाया मागे राहते. बटण दाबलं की अख्खं पान पुढे जावं, अशी सोय लावून घ्या. ई-शाईसाठीच केलेला ‘ईइंकब्रो’ नावाचा ब्राउझर फुकट मिळतो, त्यात ती आहे.

दोन, ‘रीडर’ म्हणजे वाचनाची पद्धत लावा. जाहिराती आणि हलती चित्रं गळून नुसता मजकूर राहतो. अक्षर मोठं करा, काळेपणा वाढवा.

तीन, आवडत्या चार पेपरांच्या खुणा पहिल्याच पानावर मांडून द्या. म्हाताऱ्या माणसाला पत्ता टाइप करायला लावू नका. या पडद्यावर टाइप करणं आपल्यालाही कंटाळवाणं होतं.

चार, बॅटरीबद्दलच्या ‘आठवडेच्या आठवडे’ या गोष्टी पुस्तकं वाचणाऱ्यांच्या. इंटरनेट चालू असलं की ती लवकर उतरते. आमच्याकडे दर तीन-चार दिवसांनी, रात्री दूध विरजताना, मी तो चार्जिंगला लावते.

पाच, कव्हर घ्याच. आतली काच पातळ असते. बसताना खुर्चीवर राहिला आणि वर कुणी बसलं, की संपलं.

आणि काय होत नाही, तेही सांगते. व्हिडिओ पाहण्यात अर्थ नाही. आमच्या यंत्राला कॅमेरा नाही, म्हणून पुण्याच्या नणंदेशी समोरासमोर बोलणं फोनवरच. बँकेची कामं, तिकिटं, फॉर्म भरणं लॅपटॉपवरच बरं. टॅब्लेटची सगळी कामं हा करील असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. तो टॅब्लेटचं एकच काम करतो, वाचण्याचं, पण ते डोळ्यांना न टोचता करतो. डोळ्यांचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. यंत्र हे औषध नव्हे.

भारतातून मागवणाऱ्या मैत्रिणींनी एवढं विचारावं, की हमी भारतात चालेल का, जकात कोण भरणार आणि बिघडलं तर पाठवायचं कुठे. परदेशातून येणाऱ्या भाच्याच्या बॅगेतून आणलं तर हमी बहुधा तिथलीच राहते. आणि खोकं व पावती परतीची मुदत संपेपर्यंत टाकू नका. कपाटावर जागा नसेल तर पलंगाखाली सरकवा, पण ठेवा.