चाड्यावरची मूठ

अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे 1831 साली पडले आणि तेथून आसपासच्या तालुक्यांत ज्या ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांच्यात एक शिरस्ता फार जुना आहे. पाळक एक आणि गावे अनेक असल्यामुळे, ज्या रविवारी पाळकसाहेबांचा मुक्काम अन्यत्र असेल त्या रविवारी उपासना चालविण्याचे काम शाळेचे मास्तर, मंडळीचे एखादे पंच, किंवा नगराहून आलेला कोणी पेन्शनर यांच्याकडे येते. हेडमास्तरकीचे दप्तर खाली ठेवल्यावर मी या तिसऱ्या वर्गात रुजू झालो आणि नेवासे तालुक्यातील एका खेड्यात माझी ये-जा सुरू झाली.

या गावी मंदिर आणि शाळा एकच. आठवडाभर जेथे पाढे घोकले जातात तेथेच रविवारी प्रार्थना होते, आणि फळ्यावरचे शनिवारचे गणित पुसायचे राहून गेले तर उपदेशकाच्या पाठीशी ते तसेच उभे असते. परंतु खरी सभा रविवारची नव्हे; ती रात्रीची, भाकऱ्या होऊन गुरांची वैरण झाल्यावर, कंदिलाच्या उजेडात भरणारी. मृदंग, टाळ आणि एकतारी यांच्या साथीवर रेव्हरंड टिळकांची पदे अशा काही ठेक्यात चालतात, की ज्यांना अक्षरओळख नाही त्यांनाही ती आरंभापासून अखेरपर्यंत मुखोद्गत असावीत यात नवल वाटत नाही. भजन आटोपले की कोणीतरी म्हणते, “गुरुजी, आता चार शब्द सांगा,” आणि ज्याने उभा जन्म सांगण्यात घालविला त्याला याहून गोड विनंती दुसरी कोणती असणार?

येथे एक गोष्ट सांगून टाकतो. आम्हा शिक्षकवर्गात आणि तितकीच आम्हा जुन्या ख्रिस्ती घराण्यांत, “मी तर अद्याप विद्यार्थीच आहे” असे म्हणण्याची एक सभ्य रीत आहे. ते वाक्य जो फार वेळा उच्चारतो त्याला काही शिकविण्याच्या भरीस पडू नये, असे माझे दीर्घ निरीक्षण आहे. नम्रतेचा पोशाख अंगावर बेताचा बसला की आतला मनुष्य मापून घेण्याची गरज कोणालाच भासत नाही.

त्या रात्री मी पेरणाऱ्याचा दृष्टान्त घेतला होता. मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही तो दिला आहे, आणि वाट, खडकाळ जमीन, काटेरी झुडपे व चांगली जमीन या चार स्थळांवर ऐकणाऱ्यांचे चार वर्ग मांडून दाखविणे हा माझ्या हातखंड्याचा विषय होता. बी वाटेवर पडले, हे ऐकून तरुण मंडळी गालात हसली. कारण आमच्या भागात शाळवाची पेरणी पाभरीने होते, बैलांमागे चालणारी बाई चाड्यात मूठ सोडते, दाणे नळ्यांतून थेट फणाच्या तासात उतरतात, आणि वाटेवर बी सांडणारा पेरकरी दुसऱ्या दिवशी कामावर राहत नाही. म्हणून पॅलेस्टाईनमध्ये बी हाताने फोकून पेरीत असत, हा खुलासा मी केला. समोर आत्याबाई बसल्या होत्या. सारे गाव त्यांना आत्या म्हणे. चाड्यावर त्यांची मूठ असावी म्हणून पेरणीच्या दिवसांत गावातले बागाईतदारसुद्धा त्यांच्या दारी येत. कारण मूठ सैल सुटली तर पीक दाट होते आणि आवळली तर विरळ, आणि त्यांच्या मुठीतून दाणा कसा मोजून घातल्यासारखा सुटे. माझे निरूपण चालू असतानाही त्यांच्या उजव्या हाताची बोटे अंगठ्यावरून नकळत फिरत होती, अदृश्य दाणे सोडीत होती.

“गुरुजी, येक इचारू का?” त्या म्हणाल्या. “ती वाट म्हंजी काय येगळी जिमीन असती व्हय? रानच की ते. तुडवून तुडवून तिची वाट झाली.”

मी मान डोलावली.

“आन् त्या वाटंनं समद्यात जास्ती कोन चालतं? ज्याचं रान, त्योच. सकाळ-संध्याकाळ त्याचंच पाय. नांगरट झाली म्हंजी वाट बी मोडती, पर पुन्यांदा पडती. दर साली मोडावी लागती, गुरुजी.”

एवढे बोलून त्यांनी पदर सारखा केला व पुढल्या भजनाची वाट पाहू लागल्या.

प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया नगरातील लोकांची वाखाणणी आहे ती दुहेरी आहे: त्यांनी पौलाचे वचन उत्सुकतेने स्वीकारले, आणि ते तसेच आहे की नाही हे ते दररोज शास्त्रात शोधून पाहत. तोच न्याय मी आत्याबाईंच्या बोलण्याला लावला. दृष्टान्तात वाट नांगरण्याचा उल्लेख नाही. तेव्हा मूळ वचनापुढे दोन पावले जाऊन केलेला हा अर्थ आहे, असा आक्षेप कोणताही पंडित घेईल, आणि तो निराधार ठरणार नाही. परंतु होशेय आणि यिर्मया हे दोघेही संदेष्टे परमेश्वराच्या प्रजेला पडीत जमीन नांगरावयास सांगतात; म्हणजे ज्यांना नियमशास्त्र पिढ्यान्पिढ्या पाठ होते त्यांनाच. शास्त्र ज्याच्या कानांवरून अधिक वेळा गेले, त्याचेच रान अधिक तुडविले गेले, हा विचार एरवी एखाद्या धर्मोपदेशकाने व्यासपीठावरून मांडला असता तर मी त्याची वहीत नोंद केली असती आणि वही मिटली असती. तो चाड्यावर मूठ धरणाऱ्या हाताकडून आला, म्हणून मला झोप लागू देईना.

इफिसात अपुल्लोचे असेच झाले होते. आलेक्सांद्रियात जन्मलेला, वक्तृत्वसंपन्न, शास्त्रपारंगत असा हा पुरुष सभास्थानात निर्भयपणे बोलत होता, आणि त्याला उणीव दाखविली ती प्रिस्किल्ला व अक्विला या तंबू करणाऱ्या नवराबायकोने. त्यांनी भरसभेत त्याचा जाबजबाब घेतला नाही. त्याला जवळ बोलावून देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. शिकविणाऱ्यांचे हे सौजन्य थोर खरे. पण ज्याच्या वाणीची ख्याती झाली आहे अशा विद्वानाने कातड्याच्या आणि कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी बसून ते ऐकून घ्यावे, हे मला अधिक दुर्घट वाटते.

मात्र शिकाऊ वृत्ती म्हणजे होयबापणा, अशी जी समजूत आमच्या मंडळ्यांतून पसरलेली आढळते ती मला मुळीच मान्य नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. पण तेथील मठाच्या ज्या भगिनींनी त्यांना धर्मशिक्षण दिले त्यांच्याशी त्यांनी पत्रांतून जो रोखठोक वाद घातला, तो वाचणाऱ्याला वाटावे की ही बाई कोणाचेच ऐकणार नाही. आणि याच रमाबाई, ज्यांना कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ ही पदवी दिली होती, त्या उतारवयात इब्री आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करीत बसल्या, का, तर खेड्यातल्या बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्र उतरावे म्हणून. केडगावच्या मुक्तिसदनातील स्त्रियांनीच त्याचे खिळे जुळवून छपाई केली. जी माणसाच्या हुकमापुढे वाकत नाही तीच मान अभ्यासापुढे इतकी खाली जाऊ शकते.

पुढे मी सभेचा क्रम बदलला. वचन वाचून झाल्यावर आधी मंडळींनी बोलावे, मग गुरुजींनी. यामुळे सभा लांबते आणि पहाटे मोटेवर जाणाऱ्यांची गैरसोय होते, अशी तक्रार एका पंचांनी रीतसर मांडली, आणि तिच्यात तथ्य असल्यामुळे कंदिलातले तेल संपेपर्यंत ही मुदत ठरली. आत्याबाईंना ही व्यवस्था मानवली, मात्र त्यांनी मला सुखाने बसू दिले नाही. मोहरीच्या दाण्याचा दृष्टान्त निघाला तेव्हा ते रोप वाढून आकाशातल्या पाखरांनी त्याच्या फांद्यांवर बसावे, हे त्यांना काही केल्या पटेना. हरभऱ्याच्या कडेने लावलेली मोहरी छातीच्या वर गेलेली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. गालीलात काळी मोहरी पुरुषभर उंचीहूनही वर जाते, असे मी सांगितले.

“तुमी सोता पाह्यली व्हय?”

“नाही, पुस्तकात वाचली.”

“मंग ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. ते प्रकरण त्यांच्या कचेरीत अद्याप तहकूब आहे, आणि पाळकसाहेब पुढल्या फेरीला येतील तेव्हा त्यांची साक्ष काढावी, असा त्यांचा हुकूम आहे.