डावखुरीची रायफल

प्रोजेक्टवर बर्मिंगहॅमला येऊन दीड वर्ष झालं तेव्हा माझ्याकडे सहाशे पौंड साठले होते. आईच्या हिशेबात ते सोन्याचे. मी फोनवर सांगितलं, रायफल घेतेय. पलीकडे शांतता. मग, "अगं, वॉशिंग मशीन घे की!"

बिचारीचं काय चुकलं? तिला वाटलं, एकटी राहून पोरीचं डोकं फिरलं. पण हे खूळ जुनं. कोल्हापुरात कॉलेजला असताना एनसीसीत पॉइंट टू टू रायफलचे पाच राउंड मिळायचे. मी पक्की डावखुरी. पण बोल्ट उजवीकडे, सगळे उजव्या खांद्याला लावतात, म्हणून मीही तशीच लावली. माझा डावा डोळा काही मिटेना. पाचपैकी दोन गोळ्या टार्गेटवर, बाकीच्या मातीत. आपल्याला नेमबाजी जमत नाही, हा शिक्का मीच स्वतःवर मारून घेतला.

मग १ ऑगस्ट २०२४ला आमच्या जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं. तीच पॉइंट टू टू! मी लंच ब्रेकमध्ये मोबाइलवर बघत होते, आणि हातातलं सँडविच तसंच राहिलं. पुढच्याच आठवड्यात इथला एक क्लब गाठला.

इथल्या क्लबांत थंडीभर बंदिस्त रेंजवर २५ यार्डांवर, पालथं झोपून शूटिंग चालतं. कार्डावर दहा काळी वर्तुळं, प्रत्येकाला एक गोळी, शंभरपैकी मार्क. पहिले तीन महिने तरी क्लबचीच रायफल वापरायची. मग पोलिसांकडे अर्ज, डॉक्टरकडून माहिती, घरी येऊन चौकशी, भिंतीला बोल्टनं जखडलेलं स्टीलचं कपाट. (घरमालकाला पटवणं पोलिसांपेक्षा अवघड गेलं.) आधी परवानगी, मग खरेदी.

आता खरा प्रश्न, घ्यायची कुठली?

दुकानात एक नवीकोरी, शिकारीच्या घाटाची बोल्ट रायफल बजेटमध्ये बसत होती. दिसायला सॉलिड. पण टार्गेटसाठी तिला बारीक भोकाची पीप साइट हवी, दंडाचा पट्टा अडकवायला रेल हवी, गालाला उंच आधार हवा. हे सगळं जोडत गेलं की स्वस्त रायफल कधी महाग होते ते कळतही नाही. जर्मनीची जुनी आन्शुट्झ म्हणजे सगळ्यांचं स्वप्न. पण डावखुऱ्यांसाठीची सेकंडहँड क्वचितच मिळते, आणि मिळाली तर माझे सहाशे तिच्यापुढे चिल्लर.

क्लबातल्या सत्तरीच्या एका आजोबांनी विचारलं, "मार्टिनी बघितलीस?" बीएसए मार्टिनी इंटरनॅशनल. हिला बोल्टच नाही. खालचा लिव्हर ओढायचा, आतला ठोकळा खाली जातो, एक काडतूस सरकवायचं, लिव्हर वर. डावं-उजवं हा भेदच नाही! त्यात बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. एनसीसीत माझ्या हातात होती तीही बीएसएच. कारखाना होता स्मॉल हीथला, माझ्या ऑफिसच्या बसच्या वाटेवर.

या रायफली आता बनत नाहीत, सुटे भाग शोधावे लागतात. तरी बघायला गेले. आजोबांनी आधी नळीतून उजेड बघितला, मग नळीच्या तोंडाची कड बोटानं चाचपली. तिथे टवका असेल तर गोळी बाहेर पडतानाच भरकटते. साइटचे क्लिक मोजले. चांगली साइट वेगळी घ्यायची तर कधी कधी रायफलइतकेच पैसे जातात. ही पार्कर-हेल होती, शाबूत. चाप स्वच्छ तुटत होता. पण दस्ता कुणीतरी दीड इंच कापलेला, आणि म्हणून किंमत पडलेली. मी पाच फूट एक इंच. झोपून खांद्याला लावली, गाल टेकवला, आणि वर्तुळ आपसूक समोर आलं. डावा डोळा उघडाच! १८० पौंड मोजून घेतली.

उरलेल्यातून कपाट, जुनं कॅनव्हासचं जॅकेट, आणि मुख्य म्हणजे गोळ्या. रिमफायरच्या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या कडेत असतो. ते वापरून झालं की पुन्हा भरता येत नाही. त्यामुळे कारखान्यातून जे येतं तेच खरं, आणि कुठल्या नळीला कुठली गोळी मानवेल हे झाडल्याशिवाय कळत नाही. मी चार प्रकारची एकेक पेटी घेतली, कार्डं टांगली. सगळ्यांत महागडी गोळी माझ्या म्हातारीला आवडलीच नाही. तिसऱ्या नंबरच्या स्वस्त पेटीच्या पाच गोळ्या मात्र शर्टाच्या एका बटणाखाली झाकल्या गेल्या. तिथल्या तिथे त्याच लॉटच्या वीस पेट्या उचलल्या. चकाचक रायफल घेतली असती तर या वीस पेट्यांना पैसेच उरले नसते.

महिन्याभरानं पहिलं बरं कार्ड आलं. ९३. फोटो काढून आईला पाठवला.

दोन मिनिटांत उत्तर: "उरलेले सात कुठे गेले?"