भिंतीजवळची मैफल

बालमित्रांनो, बर्लिनला कधी गेलात तर 'चेकपॉइंट चार्ली' या जुन्या चौकीपाशी जरा खाली बघा. रस्त्यात दगडांची दुहेरी ओळ दिसेल. शहराचे दोन तुकडे करणारी भिंत १९६१ पासून इथेच उभी होती.

९ नोव्हेंबर १९८९ ला भिंतीची दारं उघडली. दोनच दिवसांनी रोस्त्रोपोविच हे जगप्रसिद्ध वादक आपला चेलो घेऊन इथे आले. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊच! गुडघ्यांत धरून, बसून वाजवायचा. पण बसणार कशावर? मग एक खुर्ची मागून आणली. ना मंच, ना तिकीट! भिंतीला पाठ करून त्यांनी बाखचं संगीत वाजवलं. आधी आनंदाचं; मग भिंत ओलांडताना जीव गेलेल्यांसाठी संथ, गंभीर सूर. ऐकता ऐकता लोकांचे डोळे पाणावले.

वाजवणाऱ्याचं दुःखही काही वेगळं नव्हतं. १९७८ मध्ये सोव्हिएत सरकारने त्यांचं नागरिकत्वच काढून घेतलं होतं. आपल्या माणसांपासून तुटणं काय असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तर मग, गाड्या बघून त्या ओळीवर उभे राहा. एक पाय इकडे, एक तिकडे. आता कुणी अडवणार नाही!