पाचवा धावपटू

मुलगा नववीत क्रॉस कंट्री धावण्याच्या संघात गेला तेव्हा मी निर्धास्त होते. यात ना बॅट, ना बॉल, ना पंचाचा चुकीचा निर्णय. जो पुढे पोचला तो पुढे, त्यात वाद कसला? न्यू जर्सीत पोरं खेळात घातलेल्या इतर आया माझ्याकडे बघून हसायच्या. पहिला हंगाम संपेपर्यंत त्या का हसत होत्या ते कळलं.

इथे सरकारी शाळांची पटसंख्येनुसार गटवारी असते: ग्रुप 1 सगळ्यात लहान, ग्रुप 4 मोठा. खासगी शाळांचे वेगळे दोन गट, नॉन-पब्लिक ए आणि बी. म्हणजे गटाच्या अजिंक्यपदासाठी आमची शाळा खासगी शाळेशी भिडतच नाही. पण त्याआधीच्या काउंटीच्या स्पर्धेत सगळे एकत्र, आणि गटांच्या नंतर जी मीट ऑफ चॅम्पियन्स होते तिथेही सगळे एकत्र. भांडणं होतात ती या दोन ठिकाणी.

भांडण समजायला गुण कसे धरतात ते माहीत हवं. एका शाळेचे सात जण पळतात. त्यांतल्या पहिल्या पाच जणांच्या क्रमांकांची बेरीज करायची, ज्याची बेरीज कमी तो संघ जिंकला. तुमचा एक मुलगा हरणासारखा पळून पहिला आला तरी त्याचा एकच गुण. तुमचा पाचवा ऐंशीवा आला की ते ऐंशी बेरजेत येऊन बसतात. एक चांगला धावपटू कुठल्याही गावात नशिबाने निघतो. पाच मात्र नशिबाने निघत नाहीत. आमच्या शाळेत गावाच्या हद्दीत राहणारीच मुलं येणार, आणि आमचा पाचवा म्हणजे मार्चिंग बँडमधून वेळ काढून पळणारा, दम्याचा पंप खिशात ठेवणारा एक गोड मुलगा. खासगी शाळेत चार-पाच गावांतून, कधी शेजारच्या काउंटीतून ट्रेनने मुलं येतात. त्यांचा पाचवा आमच्या पहिल्याच्या मागे वीस सेकंदांवर असतो.

लिंक्रॉफ्टच्या ख्रिश्चन ब्रदर्स अकॅडमीचं उदाहरण इथे सगळेच देतात. फक्त मुलग्यांची खासगी शाळा. दोन शाळांमधल्या थेट लढतींत तिची 1970च्या दशकात सुरू झालेली विजयमालिका तीनशेच्या पलीकडे गेली. एवढ्या वर्षांत मुलांच्या किती पिढ्या आल्या आणि गेल्या! नुसती मुलं गोळा करून हे होत नाही, तिथे शिकवणं आणि शिस्तही आहे, हे मान्य करायलाच हवं. पण पाचव्याची चिंता त्यांना आमच्याइतकी नसणार, हेही तितकंच खरं.

आमच्या गावातला आठवीतला सगळ्यात वेगवान मुलगा एका खासगी शाळेत गेला तेव्हा पालकांत कुजबुज झाली. खेळासाठी मुलं फोडायला नियमाने बंदी आहे. पण शाळेने ‘ओपन हाउस’ ठेवलं, फीमध्ये सवलत दिली, तर त्याला फोडाफोडी म्हणायचं की प्रवेशप्रक्रिया? एका आईने त्याच्या वडिलांना पार्किंगमध्ये गाठून विचारलंच. ते शांतपणे म्हणाले, “मी तिथली फी भरतो, आणि तुमच्या शाळेसाठी घरपट्टीही भरतोच की.” यावर काय बोलणार? इथल्या सरकारी शाळा मोठ्या प्रमाणात घरपट्टीवर चालतात, आणि न्यू जर्सीची घरपट्टी देशात सर्वांत जड म्हणून ओळखली जाते.

आणि खरं सांगायचं तर आम्ही तरी हे घर कशासाठी घेतलं? शाळेसाठीच. एडिसनच्या आसपासच्या कुठल्याही मराठी कुटुंबाला विचारा, घर बघताना स्वयंपाकघराच्या आधी शाळेचं रँकिंग बघितलेलं असतं. तेव्हा ‘आमच्याकडे येईल तो मुलगा आमचा, आम्ही निवडत नाही’ हे वाक्य सरकारी शाळेच्या पालकांच्या तोंडी ऐकलं की मला जरा हसू येतं. निवड होते, फक्त ती बँकेत कर्ज काढताना होते.

उलट खासगी म्हटलं की श्रीमंत, हेही खरं नाही. जर्सी सिटीचं सेंट अँथनी हायस्कूल कॅथलिक, छोटं, पैशाची कायम चणचण. बास्केटबॉलसाठी देशभर गाजलेल्या या शाळेला वर्षानुवर्षं स्वतःचं जिम नव्हतं. प्रशिक्षक बॉब हर्ली पोटासाठी प्रोबेशन ऑफिसरची नोकरी करायचे आणि शहरातल्या गरीब घरच्या मुलांना घेऊन त्यांनी 28 राज्य अजिंक्यपदं मिळवली. 2017मध्ये पैशाअभावी शाळा बंद पडली. तिला आणि हिरवळींचं आवार असलेल्या बोर्डिंग शाळेला एकाच ‘नॉन-पब्लिक’ टोपलीत टाकायचं, यालाही न्याय म्हणवत नाही.

माझी मावसबहीण शिकागोजवळ नेपरव्हिलला असते. फोनवर हे गाऱ्हाणं सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, आमच्याकडे गुणाकार करतात!” इलिनॉयमध्ये हद्द नसलेल्या शाळेची पटसंख्या 1.65ने गुणतात आणि तिला वरच्या गटात ढकलतात. म्हणजे हजार मुलांची शाळा खेळापुरती साडेसोळाशेची. गुणाकाराची कल्पना मला पटली नाही. 1.65 कुठून आणला, 1.7 का नाही, याचं उत्तर वहीत सापडेल, मैदानात नाही. शिवाय पळण्यात पटसंख्येपेक्षा मुलं किती लांबून येऊ शकतात ते महत्त्वाचं.

मुलगा अकरावीत असताना संघ प्रथमच मीट ऑफ चॅम्पियन्सला पोचला. होल्मडेल पार्क, नोव्हेंबरातली थंडी, पाच किलोमीटर. पहिल्याच मैलात छाती फोडणारा चढ, पुढे ‘बोल’ नावाचा खोलगट भाग, त्याच्या काठावर पालकांची गर्दी. आमचा संघ खालून मोजण्यासारखा आला. बँडवाला पाचवा मात्र आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ काढून आला. त्याच्या पुढे-मागे खासगी शाळेची मुलं होती, त्यांना धरून तो पळाला, असं तोच सांगत होता.

पुढच्या आठवड्यात पालकांच्या बैठकीत एक पत्र फिरलं: खासगी शाळांना काउंटी स्पर्धेतूनही वेगळं करा, मीट ऑफ चॅम्पियन्सही वेगळी भरवा. मी वाचून म्हटलं, काउंटीच्या सांघिक ढालीपुरतं लिहा, मी सही करते. शर्यत मात्र एकच राहू द्या, ढाली दोन ठेवा. काही जणांना हे लबाडीचं वाटलं. “दोन ढाली म्हणजे दोन्हींना किंमत नाही,” असं एक बाबा म्हणाले. मुलाला घरी येऊन विचारलं. तो जेवता जेवता म्हणाला, “आई, ढाल ऑफिसच्या कपाटात जाते. पण ते नसले तर मी कोणाच्या मागे पळू?”

पत्र शेवटी मूळ मसुद्याप्रमाणेच गेलं, माझ्या सहीशिवाय. त्यावर अजून तरी काही झालेलं नाही.