तांबडी धूळ

२०२० सालच्या जून महिन्याच्या अखेरीस, एका शुक्रवारी सकाळी, ह्यूस्टनमधल्या आमच्या घरासमोर उभ्या असलेल्या गाडीच्या काचेवरून आईने बोट फिरवले, ते डोळ्यांजवळ नेऊन निरखून पाहिले आणि म्हणाली, "अगो, ही आपल्याकडची माती इथे कशी?"

आपल्याकडची म्हणजे राजापूर तालुक्यातली. आई जानेवारीत सहा महिन्यांसाठी म्हणून आली होती, मार्चमध्ये विमाने बंद झाली आणि ती आमच्याकडेच अडकली. गाव सुटून इतके दिवस झाल्यावर कोणालाही कशातही गाव दिसू लागतेच. पण तिचे म्हणणे अगदीच वेडगळ नव्हते. काचेवरचा तो पातळ थर तपकिरी-तांबूस होता. जांभा दगड ज्या लोहाच्या गंजाने तांबडा होतो, त्याच जातीच्या लोहाने तो रंगलेला होता. फक्त तो राजापूरहून नव्हे, सहारातून आला होता.

मी तिला तसे सांगितले तेव्हा तिचा विश्वास बसला नाही. माझाही प्रथम बसला नसता. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून टेक्सासपर्यंतचे अंतर सात-आठ हजार किलोमीटर आणि मध्ये अख्खा अटलांटिक महासागर. पण ही वाटचाल दर उन्हाळ्यात होते. माली, मॉरिटानिया, अल्जीरिया या भागांत तापलेली हवा धूळ उचलते. समुद्रावरची थंड, दमट हवा तळाशी राहते आणि ही कोरडी, उष्ण, धुळीने भरलेली हवा तिच्या डोक्यावरून, दीड ते सहा किलोमीटर उंचीवरून, पश्चिमेकडे निघते. जड कण वाटेत समुद्रात गळतात, बारीक तेवढे पुढे जातात. पाच-सात दिवसांत कॅरिबियन बेटे येतात, आणखी काही दिवसांनी मेक्सिकोचे आखात ओलांडून टेक्सास. त्या वर्षीचा ढग गेल्या कित्येक दशकांत दिसला नव्हता इतका दाट होता, आणि वर्तमानपत्रांनी त्याला 'गॉडझिला' असे बाळबोध नाव देऊन टाकले होते. (संकटाला राक्षसाचे नाव दिले की ते आटोक्यात आल्यासारखे वाटते की काय, कोण जाणे.)

यात नवे काहीच नाही. १८३२ च्या जानेवारीत 'बीगल' जहाज केप व्हर्द बेटांपाशी होते, तेव्हा चार्ल्स डार्विनने हवेतून पडणारी अशीच बारीक तपकिरी धूळ गोळा केली होती. पुढे त्याने पाठवलेल्या पाच पुड्या जर्मनीतल्या एरेनबर्ग या शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, आणि त्यांत त्याला सजीवांचे सदुसष्ट प्रकार सापडले. दोन वगळता बाकीचे सारे गोड्या पाण्यातले. भर समुद्रात, वाळवंटाच्या धुळीत, गोड्या पाण्यातले जीव! सहारात एकेकाळी प्रचंड तळी होती, ती आटली आणि त्यांचा गाळ आता वाऱ्यावर निघाला आहे, हे कळल्यावर त्याचा उलगडा होतो. चाडमधल्या बोडेले खोलगटातून हिवाळ्यात निघणारी अशीच धूळ ॲमेझॉनच्या जंगलावर पडते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार वर्षाला सुमारे बावीस हजार टन फॉस्फरस त्या जंगलाला या मार्गाने मिळतो. पावसात वाहून जातो तोही साधारण तेवढाच.

हे सगळे मी आईला रंगवून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ते राहू दे. आपल्या सोन्याला याचा त्रास नाही ना व्हायचा?"

सोन्या म्हणजे माझा मुलगा. तेव्हा आठ वर्षांचा. त्याला दमा आहे. मलाही लहानपणी होता.

माझ्या दम्याचा इतिहास म्हणजे खरे तर आईच्या केर काढण्याचा इतिहास आहे. आमचे घर रस्त्यालगत. एस. टी. गेली की तांबड्या धुळीचा लोट खळे ओलांडून पडवीत, पडवीतून ओटीवर आणि ओटीवरून थेट माझ्या छातीत शिरतो, असा घरातल्या सर्वांचा ठाम समज होता. तालुक्याच्या डॉक्टरांनी "धुळीची ॲलर्जी" असे शब्द उच्चारले होते. त्यानंतर आईने धुळीशी जे युद्ध मांडले ते पंधरा वर्षे चालले. दिवसातून दोनदा केर, दोनदा सडा, खिडक्यांना ओली फडकी. तरी पावसाळा आला, बाहेर धुळीचा कण उरला नाही, की माझी धाप वाढायचीच. हे विसंगत आहे असे तेव्हा कोणाच्याही लक्षात आले नाही. उलट आत्या माहेरपणाला आली की कोपऱ्यात बोट फिरवून म्हणायची, "वहिनी, पोरीला धाप लागायची नाही तर काय होईल?" आई उत्तर द्यायची नाही. केरसुणी घ्यायची. रात्री मला धाप लागली की ती मला पाठीशी उशा रचून बसवायची, आपल्या आणि आजीच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी अंगाभोवती लपेटायची आणि पहाटेपर्यंत पाठीवरून हात फिरवत राहायची.

पुढे अमेरिकेत आल्यावर माझी रीतसर तपासणी झाली. हातावर ओळीने थेंब ठेवून टोचतात आणि कुठे गांधी उठते ते पाहतात. माझ्या हातावर ती भलीमोठी उठली ती एका सूक्ष्म किड्याच्या नावासमोर. हा किडा डोळ्यांना दिसत नाही. तो माणसाच्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो, गादीत, उशीत, पांघरुणात राहतो, आणि आपल्याला ॲलर्जी होते ती मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांची. त्याला पाणी प्यावे लागत नाही, हवेतला ओलावा पुरतो. म्हणूनच त्याला कोकणातला पावसाळा मानवतो, आणि ह्यूस्टनही. १९६४ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या फोरहोर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा 'घरधुळी'तला खरा आरोपी दाखवून दिला. म्हणजे आमच्या डॉक्टरांचे शब्द चुकीचे नव्हते. 'धूळ' हा शब्दच दोन वेगळ्या गोष्टींवर पांघरलेला होता. रस्त्यावरची माती वेगळी, गादीतली धूळ वेगळी. आई पंधरा वर्षे भलत्याच धुळीशी लढत होती.

हे मी तिला कधी सांगितले नव्हते. फोनवर सांगण्यासारखे ते नव्हतेच.

शनिवारी रात्री मुलाला धाप लागली. बाहेर आकाश दिवसभर दुधी होते. ह्यूस्टनमधली रुग्णालये त्या आठवड्यात करोनाच्या रुग्णांनी भरत चालली होती आणि त्याला तिकडे न्यावे लागू नये एवढीच माझी प्रार्थना होती. वाफेचे औषध दिले, दोन तासांनी पुन्हा दिले. आई उठून आली. तिने त्याच्या पाठीशी उशा रचल्या, आपल्या बॅगेतून ती गोधडी काढली, नातवासाठी म्हणून तिने राजापूरहून मुद्दाम आणलेली, तीच, माझीच, आणि त्याच्या अंगावर घातली.

मी ती खसकन ओढून काढली. "आई, ती नको!"

पहाटे त्याला झोप लागली तेव्हा आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो, आणि मी तिला सगळे सांगितले. किड्याचे, ओलाव्याचे, गादीचे. मला वाटत होते की मी तिला निर्दोष सोडवते आहे. रस्त्यावरच्या धुळीने काही झाले नव्हते, तुझ्या केर काढण्यात काही कमी नव्हते, आत्या चुकीची होती. माझे बोलणे संपल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे धूळ बाहेरून येत नव्हती. मीच पांघरत होते तुला."

मला उत्तर सुचले नाही. मग मी तिला सहाराकडे वळवले. म्हटले, कालचा त्रास गोधडीचा नाही, ती तर त्याला धाप लागल्यावर आली. हा त्या ढगाचा प्रताप. हे बोलताना मला जी हुशारी वाटली तिची आज लाज वाटते, कारण मी दिवसभर याच विषयावरचे लेख वाचत बसले होते आणि ही गोष्ट इतकी सरळ नाही हे मला पुरते ठाऊक होते. बार्बाडोस बेटावर जोसेफ प्रॉस्पेरो यांनी १९६५ पासून आफ्रिकन धुळीची मोजणी चालवली. साहेल प्रदेशात दुष्काळ पडला तशी बेटावर येणारी धूळ वाढली, पुढे बेटावरचा दमाही वाढला, आणि दोन्हींचा संबंध आहे असे अनेकांना वाटू लागले. २००५ साली त्रिनिदादमधल्या अभ्यासाने तो संबंध दाखवलाही: धुळीच्या दिवसांत दम्याने रुग्णालयात येणारी मुले वाढत होती. आणि २००८ साली खुद्द प्रॉस्पेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बार्बाडोसमधल्या मुलांची आकडेवारी धुळीच्या मोजणीशेजारी ठेवली, तर तिथे संबंध आढळला नाही. चाळीस वर्षे धूळ मोजलेल्या माणसाने आपल्याच धुळीला पुराव्याअभावी सोडून द्यावे, हे मला फार मोठे वाटले. २०१४ साली ग्वादेलूपच्या अभ्यासात मात्र संबंध पुन्हा दिसला. बारीक कण श्वासनलिकांना खुपतात याबद्दल वाद नाही. त्यांच्यावर बसून बुरशी आणि जिवाणूही समुद्र ओलांडतात. पण एका मुलाला एका रात्री धाप का लागली याचे उत्तर या लेखांत नसते. त्या दिवशी हवा कोंडलेली होती, घरभर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा होता (आई त्याला "पुसता न येणारी जमीन" म्हणते), आणि घरातली तिन्ही माणसे तीन महिने भेदरलेली होती.

हे मी आईला सांगितले नाही. तिने ढगावर विश्वास ठेवला, की ठेवल्याचे दाखवले, मला कळले नाही. रविवारी सकाळी तिने गाडी स्वच्छ धुतली. गोधडी घडी करून बॅगेच्या तळाशी ठेवली. त्या वर्षाअखेर ती परत गेली तेव्हा ती तिच्याबरोबरच गेली.

२०२२ च्या जानेवारीत, तेवीस तारखेला, रविवारी, तिचा बोरिवलीहून फोन आला. पाकिस्तानच्या बाजूने उठलेले धुळीचे वादळ गुजरात आणि अरबी समुद्रावरून मुंबईवर उतरले होते. दुपारीसुद्धा सूर्य चंद्रासारखा फिकट दिसत होता, आणि खालच्या गाड्यांवर पिठी सांडल्यासारखा पांढुरका थर बसला होता. "तांबडी नाही हो ही," ती म्हणाली, "पांढरी आहे. तुमच्यापेक्षा वेगळी." मग मुलाच्या श्वासाची चौकशी झाली. गालिचे काढून टाकले हे मी तिला सांगितले, तेव्हा "बरं केलंस" म्हणाली.

फोन ठेवायच्या आधी ती थांबली.

"गोधडी गच्चीत कडक उन्हात घालते मी आता दर रविवारी. ते तुझे किडे उन्हाने मरतात म्हणे, शेजारच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं मी. आज मात्र ही धूळ पडायला लागली म्हणून आत आणली." आणि मग, जरा वेळाने, "आत आणली ती चालेल ना गो?"