दिव्याचा दोष

प्रत्येक धर्मगुरूच्या पोतडीत काही दृष्टान्त कायमचे ठेवलेले असतात. प्रवचनाची तयारी अपुरी राहिली, की त्यातला एखादा बाहेर काढावा, त्यावरची धूळ झटकावी आणि तो लोकांपुढे मांडावा. माझ्या पोतडीतला असा एक हुकमी दृष्टान्त म्हणजे दिव्यावर झेप घेणारा पतंग. पुण्याला सेमिनरीत शिकत असताना प्रवचनशास्त्राच्या तासाला मी तो प्रथम वापरला आणि शाबासकी मिळवली. पुढे उपवासकाळातील प्रवचने, तरुणांची शिबिरे, विवाहपूर्व मार्गदर्शन, सगळीकडे तो माझ्यासोबत आला. मोह म्हणजे दिवा आणि माणूस म्हणजे पतंग. पंख होरपळतात तरी तो पुन्हा पुन्हा ज्योतीकडेच धावतो. जवळजवळ तीस वर्षे श्रोत्यांनी माना डोलावल्या. कोणी हरकत घेतली नाही.

हरकत घेतली ती एका आईने, आणि तीही आपल्या मुलाला मूठमाती दिल्यानंतर.

गडचिरोली जिल्ह्यातील आमचा धर्मग्राम वैनगंगेच्या अलीकडच्या तीरावर आहे. नदीपलीकडे चंद्रपूर जिल्हा. १९८२ साली चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली वेगळा झाला. परंतु जंगलाला ही वाटणी ठाऊक नाही. साग, ऐन, मोह, तेंदू दोन्ही तीरांवर सारखेच उभे आहेत. दारूलाही ती वाटणी ठाऊक नसावी. आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. २०१९ च्या जून महिन्यात दोन्हीकडे बंदी होती, तरीही आमच्या गावातला एक चौतीस वर्षांचा मुलगा दारूने यकृत निकामी होऊन गेला. त्याच्या अंत्यविधीच्या मिस्सामध्ये मी पतंगाचा दृष्टान्त सांगितला. मृताबद्दल कठोर बोलण्याचा माझा हेतू नव्हता. समोर बसलेल्या तरुणांना सावध करावे, एवढेच मनात होते.

दफनभूमीतून परतताना त्याची आई माझ्याजवळ थांबली. आवाजात राग नव्हता. एखाद्या पोराचे गणित तपासावे तशी ती म्हणाली, "तुमी पाखरू पायलंच नाई, फादर."

आणि ती पुढे निघून गेली.

हे वाक्य दुसऱ्या कोणी उच्चारले असते, तर दुःखाच्या भरातले बोलणे म्हणून मी विसरलो असतो. पण या बाईचे उभे आयुष्य पाखरांतच गेले आहे. आरमोरीच्या परिसरात कोसा, म्हणजे टसर रेशीम, पिढ्यान्‌पिढ्या पिकवले जाते. ढिवर समाजातील कुटुंबांचा तो परंपरागत व्यवसाय. तिच्या घरीही तो होता. टसरची अळी तुतीच्या अळीसारखी घरात, टोपलीत वाढत नाही. ती ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडावर उघड्या जंगलात वाढते, आणि मुंग्या व पक्षी यांपासून तिला जपण्यासाठी माणसाला दिवसभर झाडाखाली पहारा द्यावा लागतो. महिना-सव्वा महिना पाला खाऊन अळी देठाचा टणक कोष विणते. त्यातून निघणाऱ्या पतंगाला खाण्याजोगे तोंडच नसते. अळीपणी साठवलेल्या शिदोरीवर तो जेमतेम आठवडाभर जगतो. जोडी जमवतो, अंडी घालतो आणि संपतो. त्याला कसली हाव असणार? हे सारे मला नंतर कळले. त्या दिवशी मात्र मला एवढेच कळले, की मी न पाहिलेल्या गोष्टीविषयी तीस वर्षे बोलत आलो होतो.

पाहण्याची सवड मिळाली ती २०२० साली. टाळेबंदीमुळे चर्चची दारे बंद होती आणि संध्याकाळी करण्यासारखे काही उरले नव्हते. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला, तेव्हा मी निवासाच्या मागील अंगणात दोन बांबूंना एक जुनी पांढरी चादर ताणून बांधली आणि तिच्यासमोर दिवा लावला. दुसऱ्या दिवशी गावात बातमी पसरली, की फादर पडदा लावून सिनेमा दाखवतात. त्या रात्री सात-आठ मुले तोंडाला रुमाल बांधून, अंतर राखून पडद्यासमोर येऊन बसली. सिनेमा काही सुरू झाला नाही. परंतु मुले उठूनही गेली नाहीत. कोणी फिकट हिरव्या रंगाचे, लांब शेपट्यांचे चंद्रपतंग पाहून श्वास रोखला, तर कोणी सागाची पाने खाणाऱ्या अळ्यांचे इवले, मातकट पतंग मोजू लागले. पुढे हीच मुले माझी मदतनीस झाली.

पहिली चूक पहिल्याच आठवड्यात घडली. दिवा रात्रभर जळत ठेवून मी झोपलो. पहाटे पाहतो तो कोतवाल पक्ष्यांचे जोडपे चादरीवरच्या पाहुण्यांचा एकेक करून समाचार घेत होते आणि खाली नुसत्या पंखांचा सडा पडला होता. तेव्हापासून दोन तासांनंतर दिवा मालवायचा, चादर हलक्या हाताने झटकायची आणि मगच झोपायचे, असा नियम केला.

मी एक वही घातली. तारीख, वेळ, चंद्राची तिथी, पाऊस, पंखांची लांबी आणि शेवटी नाव. सुरुवातीला ते शेवटचे घर भरण्याची मला फार घाई असे. जगात आजवर फुलपाखरांच्या सुमारे १८,००० जातींना नावे मिळाली आहेत, तर पतंगांच्या सुमारे १,६०,००० जातींना. निलगिरीत मळेवाले म्हणून राहिलेल्या जॉर्ज हॅम्पसन यांनी 'फौना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेत पतंगांवर चार खंड लिहिले. ते १८९२ ते १८९६ या काळात प्रसिद्ध झाले. आज त्यांतली पुष्कळ नावे बदलली आहेत, तरीही ते चाळताना माणसाच्या चिकाटीपुढे मस्तक नमते. पाद्र्यांनाही हा नाद नवा नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील वनस्पतिसंग्रह फादर ब्लाटर यांचे नाव आजही मिरवतो, आणि तिथेच शिकवणारे फादर सांतापाव पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. त्या मालिकेत आपणही कोठेतरी शेवटच्या रांगेत बसलो आहोत, असा थोडा अभिमान मला वाटू लागला होता.

तो उतरवला एका पतंगाने. पाठीवर माणसाच्या कवटीसारखी आकृती असलेला एक मोठा पतंग असतो. तो मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध पळवतो आणि हातात धरला तर चक्क चिरकतो. त्याची अळी तिळाच्या शेतात सापडते. कवटीमुळे तो अशुभ मानला जातो. त्या रात्री मुले घाबरून मागे सरली. मी मात्र ऐटीत वहीत त्याचे नाव लिहिले. पुढे एका जाणकाराला छायाचित्र दाखवले, तेव्हा त्यांनी माझी चूक दाखवली. कवटीधारी पतंगाच्या आपल्याकडे दोन जवळच्या जाती आढळतात. मी आकार आणि कवटी पाहून थांबलो होतो. मागच्या पंखांवरचे पट्टे पाहिलेच नव्हते. ते म्हणाले, "खात्री नसेल तर घर कोरे ठेवा, फादर. चुकीच्या नावापेक्षा कोरे घर बरे." काही जाती तर नुसत्या छायाचित्रावरून ओळखताच येत नाहीत, त्यांचे शरीर सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागते. आज माझ्या वहीत ३१२ नोंदी आहेत. त्यांतील १४० पतंगांच्या नावाचे घर कोरे आहे, आणि त्याची मला आता लाज वाटत नाही.

याच सुमारास कपाटातली दुसरी वही माझ्या डोळ्यांपुढे येऊ लागली. धर्मग्रामाच्या मृत्युनोंदवहीत मृत्यूच्या कारणाचा एक रकाना असतो. २०१९ च्या जूनमधील त्या नोंदीपुढे मी माझ्या हाताने एकच शब्द लिहिला होता: दारू. ते घर मी किती पटकन भरले होते! त्या मुलाविषयी मला काय माहीत होते? वर्षभराने त्याच्या घरी जाणेयेणे वाढले, तेव्हा कळले, की पुलाच्या कामावर असताना त्याच्या पाठीला मार बसला होता. वेदनेने रात्ररात्र झोप नसे. सोबत्यांनी त्याला पहिल्यांदा दारू पाजली ती औषध म्हणून.

वहीत कितीही नोंदी झाल्या, तरी मूळ प्रश्न शिल्लक होता. पतंग दिव्याकडे येतो तरी का? शुभवर्तमानात संपत्ती खाऊन टाकणारी जी कसर आहे, ती कपड्यांत राहणाऱ्या पतंगाची अळी. तो पतंग तर उजेड टाळतो आणि काळोखात दडतो. म्हणजे सर्वच पतंगांना उजेडाचे वेड आहे, असेही नाही. कोणी सांगत, पतंग चंद्राच्या आधाराने वाट काढतो आणि दिव्याला चंद्र समजून फसतो. कोणी म्हणत, त्याला ज्योतीची ऊब ओढते.

जानेवारी २०२४ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील सॅम्युअल फेबियन, त्यांचे सहकारी यश सोंधी आणि इतर संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवती उडणाऱ्या कीटकांचे चित्रण केले होते. त्यांना दिसले ते असे, की कीटक दिव्याकडे तोंड करून झेपावत नव्हते. ते दिव्याकडे पाठ करीत होते.

कारण साधे आहे. लक्षावधी वर्षे रात्रीचे आकाश जमिनीपेक्षा उजळ राहिले आहे. उडणाऱ्या जिवाला वर कोणते आणि खाली कोणते हे कळावे, म्हणून तो उजळ बाजूकडे पाठ ठेवून उडतो. पाठीवर उजेड आहे, म्हणजे आपण सरळ आहोत, हा त्याचा ओळंबा. आता मध्येच माणसाचा दिवा येतो. पतंग त्याच्या बाजूने जाऊ लागला, की पाठ दिव्याकडे कलते, वाट वाकते आणि तो घिरट्यांत अडकतो. दिव्याच्या वरून गेला, तर उलटा होऊन खाली कोसळतो. संशोधकांनी पांढरे कापड वर ताणून त्यावर पसरट उजेड पाडला, तेव्हा कीटक त्याखालून बिनघोर निघून गेले; तेच कापड जमिनीवर अंथरून उजळले, तेव्हा ते उलटे होऊन पडले. काही कीटक मात्र या फेऱ्यातून सुटतात. कण्हेरीवर वाढणारा हिरव्या रंगाचा मोठा पतंग त्यांपैकी एक. तो दिव्यावरून सरळ निघून गेला. आमच्या वेदीमागच्या कण्हेरीवर त्याच्या अळ्या दर पावसाळ्यात असतात. तो का सुटतो, याचे घर शास्त्रज्ञांनीही अजून कोरेच ठेवले आहे.

तो निबंध वाचून मी बराच वेळ व्हरांड्यात बसून राहिलो. जो जीव आपले आकाश सांभाळण्याची धडपड करीत होता, त्याला मी तीस वर्षे मोहांध म्हणत आलो होतो.

त्याच वर्षी पावसाला सुरुवात झाल्यावर मी त्या माउलीच्या घरी गेलो. बियाण्याचे कोष दोरीत ओवून तिने आढ्याला माळांसारखे टांगले होते. उन्हाळाभर कोषात निजलेले पतंग पहिल्या पावसाबरोबर संध्याकाळी बाहेर पडतात आणि रात्री त्यांच्या जोड्या जमतात. मी तिला लंडनच्या संशोधनाची हकिगत सांगितली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली. मग मी म्हणालो, "माय, त्या दिवशी मी चुकीचे बोललो. मला क्षमा कर."

ती काही वेळ बोलली नाही. घरात अंधार दाटत होता. मी सवयीने भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला, तसा तिने तो अडवला.

"पाखरं निंगाची वेळ हाय," ती म्हणाली. "या दिसांत आमी उजेड करत नाई. पाखराले का समजते, फादर, उजेड मानसानं लावला का देवानं?"

आम्ही दोघे अंधारातच बसलो. थोड्या वेळाने माळेतल्या एका कोषाचे तोंड ओलावले आणि एक चुरगळलेला जीव हळूहळू बाहेर आला. तो पंख वाळण्याची वाट पाहत दोरीला लटकून राहिला. मुलाविषयी ती त्या रात्री पहिल्यांदा माझ्याशी बोलली, आणि पुष्कळ बोलली.

मृत्युनोंदवहीतला शब्द मला खोडता येत नाही. ती नोंद कायमची असते. चर्चच्या दर्शनी भिंतीवर मात्र क्रुसाखाली एक प्रखर दिवा रात्रभर जळत असे आणि सकाळी पायऱ्यांवर पंखांचा केर साचत असे. तो दिवा आता रात्री नऊनंतर मी स्वतः मालवतो. आरंभी काही धर्मग्रामस्थ कुरकुरले. मी त्यांना पतंगाची गोष्ट सांगितली, या वेळी पाहून.